एक्सबॉक्सच म्हणतो, ‘ही डिस्क एक्सबॉक्समध्ये घाला’

समजा, तुमच्या जुन्या एक्सबॉक्स ३६०चा, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या व्हिडिओ गेम खेळायच्या यंत्राचा (कन्सोलचा) डिस्क वाचणारा भाग, डिस्क ड्राइव्ह, बिघडला. तुम्ही त्याच मॉडेलचा दुसरा ड्राइव्ह बाजारातून आणला, बसवला, वायरी लावल्या आणि स्क्रू आवळले. मग दुकानातून रीतसर विकत घेतलेली गेमची अस्सल डिस्क आत सारली. पडद्यावर गेम येतच नाही. त्याऐवजी ‘डीव्हीडी चालवा’ असा पर्याय येतो. तो दाबला की एक पाटी झळकते: ही डिस्क खेळायची असेल, तर एक्सबॉक्स ३६०मध्ये घाला.

आता ती डिस्क एक्सबॉक्स ३६०मध्येच तर आहे! सिनेमाची डीव्हीडी घातली, तर त्याच ड्राइव्हमध्ये ती सुरळीत चालते. म्हणजे लेझर धड आहे, मोटर फिरते आहे, वायरी नीट बसल्या आहेत. तरी कन्सोलला स्वतःचाच गेम ओळखू येत नाही. जगभरात अनेकांनी ही पाटी पाहिली आहे आणि ‘ड्राइव्ह डुप्लिकेट निघाला’ म्हणून दुकानदाराशी भांडणंही केली आहेत. बहुतेक वेळा दुकानदाराची काहीच चूक नसते.

हे कोडं सुटलं, की ‘ड्राइव्ह फ्लॅश करणं’ म्हणजे काय हेही उलगडतं. लोकांनी ते घरी बसून का केलं, त्यातून चोरी कशी फोफावली आणि ज्याला निव्वळ दुरुस्ती करायची आहे त्याची वाटही त्याच कुलपानं कशी अडवली, हे सगळं एकाच धाग्यात ओवलेलं आहे.

वीस वर्षं जुन्या यंत्राची चर्चा आज कशाला?

एक्सबॉक्स ३६० अमेरिकेत नोव्हेंबर २००५मध्ये आला, भारतात २००६मध्ये. जगभरात तो ८ कोटींहून जास्त खपला आणि २०१६मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. २९ जुलै २०२४ रोजी त्याचं ऑनलाइन दुकानही बंद झालं. आधी विकत घेतलेले गेम पुन्हा उतरवून घेता येतात, पण त्या कन्सोलवर नवी खरेदी आता होत नाही. जे गेम पुढच्या पिढीच्या कन्सोलवर चालत नाहीत, ते मिळवायचा मार्ग एकच उरला: जुनी डिस्क शोधायची आणि ती वाचणारा ड्राइव्ह जिवंत ठेवायचा.

आणि कन्सोलमधला सगळ्यात आधी थकणारा भाग म्हणजे हाच ड्राइव्ह. त्याच्या ट्रेला बाहेर ढकलणारा रबरी पट्टा सैल पडतो, लेझर मंदावतो, भिंगावर धूळ बसते. बाकीचा कन्सोल ठणठणीत असताना ड्राइव्हमुळे अख्खं यंत्र माळ्यावर जातं.

फर्मवेअर म्हणजे काय?

वॉशिंग मशीनचं एक बटण दाबलं, की आधी किती पाणी घ्यायचं, किती वेळ घुसळायचं, कधी पिळायचं, हे ते मशीन आपलं आपण ठरवतं. ही अक्कल मशीनच्या आतल्या एका चिपवर लिहून ठेवलेली असते. यंत्राच्या पोटात कायम मुक्काम ठोकून राहणाऱ्या अशा प्रोग्रामला फर्मवेअर म्हणतात. ते पुसून त्या जागी नवं लिहिणं म्हणजे ‘फ्लॅश करणं’. एवढे दोन शब्द लक्षात ठेवले तरी पुढचं सगळं समजेल.

एक्सबॉक्स ३६०च्या डिस्क ड्राइव्हमध्ये असाच एक छोटा प्रोसेसर आणि त्याचं फर्मवेअर असतं. मायक्रोसॉफ्टनं हे ड्राइव्ह स्वतः बनवले नाहीत. हिताची-एलजी, तोशिबा-सॅमसंग, बेनक्यू आणि लाइट-ऑन अशा नावांचे ड्राइव्ह त्यात सापडतात. हीच मंडळी घरच्या कॉम्प्युटरचे डीव्हीडी ड्राइव्हही बनवत होती. त्यामुळे दोन्हींचं कूळ एकच. माहिती वाहून नेणारी केबलसुद्धा कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कला लागते तीच, साटा केबल. विजेचा जोड तेवढा वेगळा.

म्हणजे हा ड्राइव्ह कन्सोलमधून काढून घरच्या कॉम्प्युटरला जोडता येत होता आणि त्याच्याशी थेट बोलता येत होतं. पुढचं सारं रामायण इथून सुरू झालं.

खिडकीवरचा कारकून आणि आतले साहेब

एखादी सरकारी कचेरी डोळ्यांसमोर आणा. तुम्ही दाखला घेऊन खिडकीशी जाता. खिडकीवरचा कारकून कागद हातात घेतो, उजेडात धरून त्यातलं जलचिन्ह बघतो, उठावाच्या शिक्क्यावरून बोट फिरवतो. कागद अस्सल वाटला, की त्यावरचा मजकूर तो आतल्या साहेबांना वाचून दाखवतो. साहेब खिडकीशी कधी येत नाहीत. ते मजकूर ऐकतात आणि त्याखालची सही पडताळतात. त्यांची सहीची परीक्षा इतकी कडक, की मजकुरातला एक काना इकडचा तिकडे झाला, तरी ते दाखला फेटाळतात.

ड्राइव्ह म्हणजे तो कारकून. कन्सोलचा मुख्य प्रोसेसर म्हणजे साहेब.

कामाची ही वाटणी नीट पाहा. मजकूर खरा आहे की नाही, हे साहेब स्वतः तपासतात. कागद खरा आहे की झेरॉक्स, हे मात्र कारकून सांगेल तेच त्यांना प्रमाण. झेरॉक्सवर मजकूर तोच असतो, सहीही तीच असते. फरक फक्त कागदात असतो, आणि कागदाला हात लावणारा माणूस अख्ख्या कचेरीत एकच आहे.

मायक्रोसॉफ्टनं साहेबांच्या खोलीभोवती तटबंदी उभारली होती. त्या काळच्या घरगुती यंत्रांमध्ये एवढी कडेकोट सुरक्षा क्वचितच असेल. गेमचा प्रत्येक प्रोग्राम कंपनीच्या गुप्त सहीनं बांधलेला आणि प्रोसेसरच्या आत पहाऱ्याला वेगळा प्रोग्राम. पण खिडकीवर बसवलेला कारकून बाहेरून आणलेला, साध्या डीव्हीडी ड्राइव्हच्या घराण्यातला. माझ्या मते त्या संपूर्ण रचनेतली सगळ्यात मोठी चूक हीच होती. किल्ल्याला चिलखती दरवाजा केला आणि छोट्या दिंडी दरवाजाची कडी तशीच राहिली.

डिस्क खरी आहे हे ड्राइव्हला कळतं कसं?

डिस्कवरची माहिती गोल रिंगणांमध्ये नसते. मध्यापासून सुरू होऊन बाहेर जाणाऱ्या एका लांबलचक रेघेवर ती लिहिलेली असते. चकली आठवा. आता एकाच मापाच्या पिठाच्या दोन चकल्या घाला, एक बारीक सोऱ्यानं आणि दुसरी किंचित जाड. रेघेच्या सुरुवातीपासून दहा बोटांवर पहिल्या चकलीत एक तीळ टोचा, दुसरीतही दहा बोटांवरच टोचा. अंतर तेच, पण पहिल्या चकलीतला तीळ उत्तरेला येईल आणि दुसरीतला कदाचित पूर्वेला. वेटोळं बदललं, की दिशा बदलते.

गेमची डिस्क कारखान्यात साच्यातून छापली जाते. त्यामुळे तिच्यावरचा अमुक तुकडा आणि तमुक तुकडा यांच्यामध्ये किती अंशांचा कोन आहे, हे ठरलेलं असतं. घरच्या कॉम्प्युटरवर कोऱ्या डीव्हीडीवर तीच माहिती जशीच्या तशी उतरवली, तरी वेटोळं वेगळं पडतं आणि कोन चुकतात. अस्सल डिस्कवर एक खास भाग असतो, जो कोऱ्या डीव्हीडीवर नेहमीच्या पद्धतीनं उतरवता येत नाही; त्यात अशा कोनांच्या प्रश्नांची यादी गुप्त लिपीत दडवलेली असते. कन्सोल ती घेऊन ड्राइव्हला प्रश्न विचारतो: या दोन जागांमधला कोन सांग. ड्राइव्ह मोजतो आणि उत्तर देतो. उत्तरं जुळली, की गेमचा भाग खुला होतो.

हा गेमचा भाग साध्या डीव्हीडी प्लेअरला दिसतच नाही. त्याला दिसतो तो एक छोटासा व्हिडिओ, ‘एक्सबॉक्समध्ये घाला’ अशी सूचना देणारा. सुरुवातीच्या पाटीचं अर्धं उत्तर इथं मिळालं. उरलेलं अर्धं पुढे आहे.

प्रत्येक जोडीची वेगळी किल्ली

मायक्रोसॉफ्टनं आणखी एक खबरदारी घेतली होती. कुणीही उपटसुंभ येऊन खिडकीवर बसू नये, म्हणून प्रत्येक कचेरीतले साहेब आणि त्यांचा कारकून यांची एक खासगी सांकेतिक भाषा ठरवून दिली. प्रत्येक कन्सोलची भाषा निराळी. या भाषेची किल्ली म्हणजे १२८ बिटांची, म्हणजे शून्य आणि एक अशा १२८ अंकांनी लिहिलेली, एक संख्या. तिच्या शक्यता मोजायला गेलं, तर ३९ आकडी संख्या होते, तेव्हा अंदाजानं ती सापडणं अशक्य. कारखान्यात ही किल्ली दोन ठिकाणी लिहिली जाते: एकदा ड्राइव्हच्या फर्मवेअरमध्ये आणि एकदा कन्सोलच्या मुख्य बोर्डवरच्या कुलूपबंद कप्प्यात. त्या कप्प्याची किल्ली पुन्हा वेगळी, आणि ती प्रोसेसरच्या आत कायमची कोरलेली.

आता कोडं पूर्ण सुटतं. बाजारातून आणलेला ड्राइव्ह दुसऱ्या कुठल्यातरी कन्सोलमधून निघालेला असतो. त्याच्या पोटातली किल्ली वेगळी. तो डिस्क उत्तम वाचतो, कोनही बरोबर मोजतो, पण साहेबांशी बोलायची भाषा त्याला येत नाही. मग साहेब त्याला खास कारकून न मानता साधा डीव्हीडी ड्राइव्ह समजतात आणि त्यातून फक्त तो छोटा व्हिडिओ दिसतो. खऱ्या गेमला, खऱ्या कन्सोलमध्ये, खरा ड्राइव्ह असूनही ‘एक्सबॉक्समध्ये घाला’ हे ऐकावं लागतं, ते यामुळे.

मग लोकांनी घरी नेमकं काय केलं?

कन्सोल बाजारात येऊन वर्षही झालं नव्हतं, तोच २००६मध्ये बदललेलं फर्मवेअर इंटरनेटवर आलं. त्यामागची कल्पना चार वाक्यांत सांगता येते. ड्राइव्ह काढून कॉम्प्युटरला जोडायचा. त्याच्या फर्मवेअरची प्रत काढून त्यातली ती खासगी किल्ली वेगळी काढायची. बदललेल्या फर्मवेअरमध्ये ती घालायची. आणि ते ड्राइव्हवर परत लिहायचं.

बदल काय, तर कारकून फितूर होतो. साहेब कोन विचारतात, तेव्हा तो मोजत नाही. नकली डिस्क बनवतानाच उत्तरं तिच्यावर एका कोपऱ्यात लिहून ठेवलेली असतात, तिथून तो ती वाचून दाखवतो. किल्ली खरीच असल्यामुळे भाषा बिनचूक. साहेबांना वाटतं, आपलाच विश्वासू माणूस बोलतो आहे.

आपल्याकडे हे लोण का पसरलं, हे ज्यानं तेव्हा खिशाचा हिशेब केला असेल त्याला विचारायला नको. नवा गेम दोन-अडीच हजार रुपयांना मिळायचा. एवढ्या पैशात कॉलेजच्या पोराचा महिन्याचा डबा यायचा. बाजारात कन्सोल ‘साधा हवा की फ्लॅश केलेला?’ असं सर्रास विचारलं जायचं. ही चोरीच होती, आणि त्यातून गेम बनवणाऱ्यांच्या पोटावर पाय आला, हे मी आडवळणानं सांगणार नाही. पण त्या गर्दीत दुसरीही माणसं होती. डिस्क फिरत असताना कन्सोल आडवा-उभा केला किंवा त्याला धक्का बसला, की या डिस्कवर गोल चरा उमटायचा आणि डिस्क कायमची निकामी व्हायची. घरात लहान मूल असेल, तर हे एकदा तरी व्हायचंच. अशा माणसांना आपल्याच डिस्कची एक राखीव प्रत हवी होती.

‘फ्लॅश केलेल्या कन्सोलवर काहीही चालतं’ हे खरं का?

नाही. हा गैरसमज अजूनही ऐकू येतो. फितूर झाला तो कारकून, साहेब नव्हे. झेरॉक्स खपली, पण झेरॉक्सवरचा मजकूर बदलायला गेलं, तर सही जुळत नाही आणि साहेब दाखला फेटाळतात. त्यामुळे फ्लॅश केलेल्या ड्राइव्हवर मूळ गेमची हुबेहूब प्रत चालायची, तेवढंच. स्वतः लिहिलेला प्रोग्राम, गेममध्ये केलेले बदल, दुसऱ्या यंत्राचे गेम, यातलं काही चालत नसे. दुसऱ्या देशासाठीचा गेमही चालत नसे, कारण देशाची मर्यादा ड्राइव्ह तपासत नाही, आतली मंडळी तपासतात.

साहेबांच्या खोलीत शिरायच्या वाटा पुढे वेगळ्या निघाल्या. २०११मध्ये एक युक्ती आली: प्रोसेसर सही तपासत असतानाच्या नेमक्या क्षणी त्याला विजेचा अगदी बारीक झटका द्यायचा, म्हणजे तो बावचळतो आणि तपासणीचा निकाल चुकून ‘बरोबर’ असा लावतो. ती वाट पूर्ण वेगळी आणि अधिक खोलवरची. दुकानांतून मात्र दोन्हींना सरसकट ‘मॉड केलेला’, म्हणजे फेरफार केलेला, म्हणत, म्हणून घोळ व्हायचा.

कंपनी हातावर हात ठेवून बसली नाही

पहिला उपाय घाऊक होता. नोव्हेंबर २००९मध्ये, एका बहुचर्चित युद्धाच्या गेमच्या प्रकाशनाच्या तोंडावर, मायक्रोसॉफ्टनं फेरफार केलेले लाखो कन्सोल ऑनलाइन खेळातून कायमचे हद्दपार केले. शिक्षा खात्याला नव्हती, यंत्राला होती. त्यामुळे नंतर असे कन्सोल जुन्या बाजारात स्वस्तात आले आणि ज्यांनी ते विकत घेतले, त्यांना घरी येऊन जोडल्यावर कळलं, की आपण दुसऱ्याच्या गुन्ह्याची शिक्षा विकत आणली आहे. आजही जुना एक्सबॉक्स ३६० घेताना तो आधी इंटरनेटला जोडून बघावा, ते याचसाठी.

दुसरा उपाय चिपमध्येच होता. २०१०मध्ये कन्सोलचं सडपातळ रूप आलं. पुढे त्याच्या ड्राइव्हमधल्या चिपवर लिहिण्याची वाटच बंद करण्यात आली. वाचता येईल, पण पुसून नवं लिहिता येणार नाही.

त्यावर लोकांनी जे केलं, ते वाचून आजही माझ्या पोटात गोळा येतो. ‘लिहू नको’ हा हुकूम चिपच्या आत एका केसाएवढ्या तारेवरून जात होता. ती तार तोडली, की चिप पुन्हा लिहू देई. तार तर चिपच्या काळ्या कवचाच्या पोटात. म्हणून घरोघरी लोकांनी हातातल्या छोट्या ड्रिलनं, चिपच्या ठरावीक बिंदूवर, थेट भोक पाडायला सुरुवात केली. चिप नखाएवढी, भोक टाचणीच्या डोक्याएवढं. केसभर कमी गेलं तर तार तुटत नाही, केसभर जास्त गेलं तर चिप मेली. आणि किल्ली आधी वाचून जपून ठेवलेली नसेल, तर चिपबरोबर तीही गेली. या पद्धतीला लोकांनीच ‘कामिकाझे’ असं नाव दिलं होतं, स्वतःला विमानासकट शत्रूवर लोटून देणाऱ्या जपानी वैमानिकांवरून.

२०११मध्ये डिस्कची रचनाही बदलली. तिच्यावर जास्त माहिती मावू लागली आणि कोनांच्या तपासण्या आणखी वाढल्या. मग फर्मवेअरवाले पुढचं फर्मवेअर काढत. हा ऊनपावसाचा खेळ काही वर्षं चालला.

‘वस्तू माझी, पैसे माझे, मग कायद्याचा काय संबंध?’

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही.

भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात २०१२मध्ये दुरुस्ती होऊन कलम ६५अ आलं. हक्करक्षणासाठी घातलेलं तांत्रिक कुलूप जो कुणी हक्कभंगाच्या हेतूनं तोडेल, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. यातला ‘हेतूनं’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कायद्यानं ज्या गोष्टीला मनाई केलेली नाही, अशा कामासाठी कुलूप उघडलं, तर ते कलम त्याच्या आड येत नाही, असंही त्यातच म्हटलं आहे. शिवाय कलम ५२ प्रमाणे, कॉम्प्युटर प्रोग्राम ज्याच्याकडे रीतसर आहे त्याला, तो नष्ट होऊ नये म्हणून राखीव प्रत काढता येते. पण गेम म्हणजे निव्वळ प्रोग्राम नसतो. त्यात संगीत, चित्रं, अभिनय असं बरंच असतं, म्हणून या कलमाचा आधार वाटतो तितका भक्कम नाही. दुसऱ्या बाजूला, नकली प्रत आहे हे माहीत असून ती वापरणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. कलम ६३ब नुसार त्यात सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. म्हणजे स्वतःच्या ड्राइव्हची दुरुस्ती आणि दुसऱ्याच्या गेमची चोरी यांत आपला कायदा निदान कागदावर तरी फरक करतो.

अमेरिकेत कायदा जास्त कडक. तिथं ठरावीक सवलती सोडल्या, तर हेतू कोणताही असो, कुलूप तोडणं हेच मुळात बेकायदा. कॅलिफोर्नियात एका विद्यार्थ्याला घरी एक्सबॉक्स ३६०चे ड्राइव्ह बदलून दिल्याबद्दल २००९मध्ये अटक झाली. डिसेंबर २०१०मध्ये खटला उभा राहिला, न्यायाधीशांनी सरकारी वकिलांना चांगलंच फैलावर घेतलं आणि काही दिवसांतच सरकारनं खटला मागे घेतला. पुढे दुरुस्तीच्या हक्कासाठी झगडणाऱ्यांच्या मागणीवरून २०२१मध्ये एक सवलत मिळाली: गेम कन्सोलचा डिस्क ड्राइव्ह दुरुस्त करण्यापुरतं कुलूप उघडता येईल, मात्र काम झाल्यावर ते पुन्हा लावलं पाहिजे.

ऐकायला ही सवलत छान वाटते. पण कुलूप उघडायची हत्यारं बनवून लोकांना देण्यावरची बंदी तशीच राहिली. आपल्या घराचं दार उघडायची परवानगी मिळाली, पण किल्लीवाल्याला दुकान उघडायला मनाई. ही खरी अडचण आहे आणि ती मला टोचते. मायक्रोसॉफ्टला गेमची चोरी थांबवायची होती, हे योग्यच. पण किल्ली अशा ठिकाणी ठेवली, की चोराला ती काढता आली आणि मालकाला मागायची सोयच नाही. अधिकृत दुरुस्ती केंद्रातून ड्राइव्ह आणि बोर्ड यांची नवी जोडी लावून देण्याची व्यवस्था उत्पादन थांबल्यावरही चालू राहिली असती, तर निम्म्या प्रामाणिक माणसांना इंटरनेटवरच्या अनोळखी फर्मवेअरच्या नादी लागावंच लागलं नसतं.

‘आता सगळं ऑनलाइन झालं, डिस्कचं काय घेऊन बसलात?’

ही जोडी लावण्याची पद्धत संपलेली नाही. पुढच्या एक्सबॉक्सच्या पिढ्यांतही ड्राइव्हचा बोर्ड मुख्य बोर्डाशी बांधलेलाच आहे. सोनीच्या २०२३च्या सडपातळ प्लेस्टेशन ५मध्ये डिस्क ड्राइव्ह सुटा विकत घेऊन स्वतः बसवता येतो, ही दुरुस्तीच्या दृष्टीनं मोठी सुधारणा. पण पहिल्यांदा बसवताना कन्सोल इंटरनेटला जोडून त्या जोडीची नोंद कंपनीच्या सर्व्हरवर करावी लागते. आज याला दोन मिनिटं लागतात. तो सर्व्हर ज्या दिवशी बंद होईल, त्या दिवसानंतर कपाटात राहिलेला कोरा ड्राइव्ह बसवता येईल का, हा प्रश्न आत्ताच विचारायला हवा. एक्सबॉक्स ३६०चं दुकान बंद झालं, तेव्हा तो कन्सोल अठरा वर्षांचा होता. प्लेस्टेशन ५ कधीतरी तेवढ्याच वयाचा होईल.

आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी पोर्टलही सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं, वाहनं ही त्यातली मुख्य क्षेत्रं. गेम कन्सोलचा त्यात वेगळा विचार नाही. जोडीनं बांधलेले सुटे भाग मोबाइलमध्येही येऊ लागले आहेत, तेव्हा हा प्रश्न फक्त खेळणाऱ्यांचा राहिलेला नाही.

‘मला चोरी नको, फक्त माझा ड्राइव्ह चालू करून द्या’

यासाठी बहुतेक वेळा फर्मवेअरला हात लावायची गरजच पडत नाही. किल्ली ड्राइव्हच्या हिरव्या सर्किट बोर्डवर असते. लेझर, मोटर, ट्रे, दाते या भागांचा किल्लीशी काही संबंध नाही. म्हणून त्याच मॉडेलचा जुना ड्राइव्ह आणायचा आणि त्याच्या सांगाड्यावर आपला मूळ बोर्ड चढवायचा. कारकून तोच, फक्त त्याला नवं टेबल-खुर्ची.

हे मी पहिल्यांदा पाहिलं ते मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, पहिल्या मजल्यावरच्या एका बारक्या गाळ्यात. मावसभावाचा कन्सोल घेऊन गेलो होतो. कारागीर पन्नाशीचे, डोळ्याला भिंग लावलेले. त्यांनी दोन ड्राइव्ह शेजारी शेजारी पालथे ठेवले. “दादा, दिसायला जुळे भाऊ आहेत, पण एकाच्या घरचं कुत्रं दुसऱ्याला आत घेणार नाही,” म्हणाले. मग आमच्या ड्राइव्हचं खालचं पत्र्याचं झाकण काढलं. लेझरकडे जाणारी चपटी पट्टीसारखी केबल एका चिमुकल्या खाचेत बसलेली होती. खाचेची कडी नखानं अलगद वर केली, तेव्हा ती सुटली. मोटरच्या दोन वायरींचा डाख गरम लोखंडानं सोडवला, बोर्ड मोकळा केला आणि दुसऱ्या सांगाड्यावर तसाच उलट क्रमानं बसवला. ट्रेचा रबरी पट्टाही बदलला. सगळं मिळून वीसेक मिनिटं.

त्या वीस मिनिटांत त्यांनी एकच गोष्ट तीनदा बजावली: मॉडेलचा नंबर तोच पाहिजे. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचे बोर्ड दिसायला सारखे असले, तरी लेझर वेगळा असू शकतो, आणि मग डिस्क वाचलीच जात नाही. नुसता लेझर गेला असेल, तर तेवढाच बदलता येतो. नुसता पट्टा सैल असेल, तर पट्ट्यावर भागतं. आणि बोर्डच जळला असेल, तर मात्र काम अवघड. मग मुख्य बोर्डावरच्या कुलूपबंद कप्प्यातून किल्ली काढावी लागते, त्यासाठी आधी साहेबांच्या खोलीत शिरावं लागतं. ते सोपं नाही, आणि कन्सोल कायमचा मुका होण्याचा धोकाही त्यात आहे.

तेव्हा ड्राइव्ह बिघडला म्हणून भंगारवाल्याला देऊ नका. ट्रे मोडो, लेझर जावो, तो हिरवा बोर्ड जपून ठेवा. घरी खोलून पाहणार असाल, तर दोन दिवस आधी वायर काढून ठेवा आणि आतल्या भिंगाला बोट लावू नका.

त्या गाळ्यात निघताना कारागिरांनी आमच्या जुन्या ड्राइव्हचा बोर्ड नसलेला सांगाडा मागून घेतला. मागच्या फळीवर तसे दहा-बारा सांगाडे रचलेले होते. प्रत्येकावर चिकटपट्टी लावून खडूच्या पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: लेझर चांगला, मोटर चांगली, ट्रे चांगला. आमच्या सांगाड्यावर त्यांनी लिहिलं, ‘मोटर चांगली’, आणि तो रांगेत लावला.